कोरडी राहिलेली गोधडी

मी गोधडी बोलतेय. पाहुण्यांपुढे अंथरतात ती नव्हे, तिचा मान वेगळा. मी मागच्या पडवीतली. घरातली बाई बाजूला बसली की मी खुंटीवरून उतरते. एरवी मला कोणी बोटही लावत नाही. त्यामुळे बायकांचं मला जेवढं ठाऊक असतं तेवढं त्यांच्या नवऱ्यांनाही नसतं.

नंदुरबारजवळच्या कोरीट गावात, एका गुजर घरात सुगंधाबाईंनी मला शिवलं. वर त्यांची तरुणपणीची दोन लुगडी, मधे सासऱ्यांचं जुनं धोतर. विटाळाची म्हणून टाके ढिले घातले, असं त्यांनी केलं नाही. कित्येक वर्षं त्यांनीच मला वापरलं. मग त्यांचं वय सरलं आणि मी सुनेकडे, सरलाबाईकडे आले.

आमच्या गल्लीची एक रीत आहे. चौथ्या दिवशी बाई डोक्यावरून न्हाते, गोधडी धुते आणि पुढच्या अंगणात दोरीवर घालते. म्हणजे सगळ्यांना कळतं, ही आता पाण्याला हात लावायला मोकळी. कोणी काही बोलत नाही, पण वाचणारे वाचतात. समोरच्या भिकुबाई तर नुसत्या दोऱ्या बघून सांगायच्या, कोणाकडे पाळणा बांधायची वेळ झाली. बाई मनाच्या वाईट नव्हत्या. कोणाकडे बाळंतपण निघालं की पदर खोचून पहिल्या त्याच धावायच्या. फक्त दोरीवरची नजर काही हलत नसे.

सरलाबाईचा नवरा तापाने गेलेला. मूलबाळ नाही. घरात ती, सासू आणि सासरे मोतीलाल. शेतावर दगा नावाचा सालदार गडी. सरलाबाईला दम्याचा त्रास. कापूस घरात येऊन पडला की त्या तुसांनी तिच्या छातीचा भाता व्हायचा. बाजूला बसली असली की माझी वळकटी करून त्यावर हात टेकायची आणि तोंड उघडून श्वास ओढत राहायची.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या हंगामात नंदुरबारच्या एका डॉक्टरांनी तिला नव्या गोळ्या दिल्या. पांढऱ्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. काय जादू झाली कोण जाणे, दिवसभर कापूस वेचून आलेली सरलाबाई शिवाय विहिरीवरून हंडा आणायला लागली. गोळ्या संपल्या की दगा बैलगाडी जुंपायचा आणि ती नंदुरबारला जाऊन यायची. अंग धरलं. गाल तर पुरणपोळीसारखे गोल झाले.

आणि मी खुंटीवरच राहिले.

एक पाळी चुकली तेव्हा म्हटलं, होतं कधी कधी. दुसरीही गेली. मग मलाही शंका आली, खोटं कशाला सांगू? भरलेला चेहरा, दगाची गाडी, कोरडी गोधडी. तुम्ही असता तर तुम्हीही हीच बेरीज केली असती.

सुगंधाबाई सरपण काढायच्या निमित्ताने पडवीत यायला लागल्या. मला लांबून बघायच्या. माझ्यावर धूळ बसलेली दिसली की तोंड काळंठिक्कर. दगाला भाकर द्यायच्या ती आता उंबऱ्यावर ठेवायच्या आणि तो जेवून हात धुईपर्यंत दारात उभ्या राहायच्या. बिचारा घास चावता चावता ठसकायचा.

एके सकाळी भिकुबाई विरजण मागायला आल्या. विरजण घेतलं, वाटी पदराखाली धरली आणि म्हणाल्या, "दोरी रिकामी दिखस बइन आजकाल."

"आभाय शे ना. वाळत नई काही," सुगंधाबाई म्हणाल्या. बाहेर ऊन असं पडलं होतं की कुत्री सावली शोधत होती.

त्याच दुपारी त्यांनी सुनेला पडवीत गाठलं. "सरला, गोधडी कोरडीच शे. खरं सांग, काय करी बसनी?"

"माय, मी काहीच नई करं. मालेच समजत नई."

सुगंधाबाईंनी तिच्या पोटाकडे पाहिलं आणि त्या सरपण न घेताच निघून गेल्या.

सरलाबाई रडली नाही, विचार करत बसली. गोळ्या सुरू झाल्या आणि हे थांबलं, एवढं तिच्या लक्षात आलं होतं. पण डॉक्टर पुरुषमाणूस. नवऱ्यालाही तिने ही गोष्ट कधी नाव घेऊन सांगितली नव्हती. माहेरी दोन धाकट्या बहिणी लग्नाच्या होत्या. हिचं नाव गेलं असतं तर त्यांनाही कोणी दारात उभं केलं नसतं. तिने गोळ्यांची पुडी उचलली आणि चुलीत टाकली.

पाळी काही आली नाही. दमा मात्र आला, आणि असा आला की ओठ निळे पडले. दगाने गाडी जुंपली. सुगंधाबाईंनी हाताला लागली ती गोधडी ओढली, म्हणजे मला, आणि सुनेच्या पाठीशी लावली. मला शिवल्यावर आंघोळ करावी लागते, हेसुद्धा त्या विसरल्या. वाटेत दगाने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. आता त्या न बघण्याचाही सुगंधाबाईंना संशय.

डॉक्टरांनी सुई दिली. श्वास जरा खाली बसल्यावर विचारलं, गोळ्या चालू होत्या ना? सरलाबाईने मानेनेच नाही म्हटलं. सुगंधाबाईंनी तोंड भिंतीकडे केलं, पदर पुढे ओढला आणि भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, "तिले कावळा शिवत नई. गोया सुरू करी तवयपासून."

डॉक्टरांनी विचारलं, "हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही इचारं नई."

मग त्यांनी तपासलं. पोटात काही लागत नाही म्हणाले. या गोळ्यांनी चेहरा भरतो, काही बायकांची पाळी मागेपुढे होते, थांबतेसुद्धा. सगळ्यांचीच नाही, आणि इथे कारण तेच आहे असं छातीठोक सांगता येत नाही. पण गोळ्या अशा एकदम तोडायच्या नाहीत, जीव जाईल. हळूहळू कमी करू. तोवर पाळीची वाट बघू नका.

घरी मोतीलालांना डॉक्टरांचं बोलणं पटलं नाही. छातीच्या गोळीचा आणि त्याचा काय संबंध? होळीच्या आत तिला माहेरी धाडून द्या, असं त्यांनी सांगून टाकलं. गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही म्हणाले. सुगंधाबाई ऐकत होत्या. त्यांना तरी कुठे पुरतं पटलं होतं? डॉक्टर झाला तरी माणूसच, त्याचीही चूक होऊ शकते. पण त्यांनी ते निळे ओठ पाहिले होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सरलाबाईला मागच्या पडवीत बसवलं. चुलीपाशी यायचं नाही, विहिरीवर जायचं नाही. सरलाबाई काही म्हणायला गेली तर तोंडावर बोट. चौथ्या सकाळी सुगंधाबाईंनी मला स्वतः बादलीत बुडवलं, दगडावर आपटलं आणि पुढच्या दोरीवर पसरलं. माझ्यावर डाग नव्हता. त्या वयात त्यांच्या मनगटात इतकं बळ असेल, असं मला वाटलं नव्हतं.

भिकुबाई आल्याच. त्यांनी मला पाहिलं, मग सुगंधाबाईंच्या लुगड्याचा ओला काठ पाहिला.

"सून बसनी व्हती का?"

"बसनी व्हती."

भिकुबाई पुढे झाल्या आणि मला उलटी करून घातली. "ही बाजू बी वाळू दे," म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत सून बसल्याचं त्यांच्या तोंडून गल्लीभर झालं, आणि मोतीलाल माहेरचा विषय काढायचे थांबले.

पुढेही काही महिने सुगंधाबाई मला तशाच भिजवत राहिल्या. सुनेला गोळी आपल्या हाताने द्यायच्या, गिळली का ते बघायच्या, आणि नजर पोटाकडे जायची ती जायचीच. पोट वाढलं नाही. गोळ्या कमी झाल्या तशी सरलाबाईची पाळी परत आली, तीही धड वेळेवर नाही.

आता माझे काठ विरलेत, मधलं धोतर बाहेर डोकावतंय. बायांनो, औषधाने अंगात काही वेगळं झालं तर चुलीत पुड्या टाकू नका, डॉक्टरला सांगा. तो विचारत नसेल तर भिंतीकडे तोंड करून सांगा. आणि दोरीवर मी दिसले, तर माझ्यावरून कोणाच्या लेकीसुनेची परीक्षा करू नका. मी ओली कशाने झाले, ते मी काही सांगणार नाही.