लिलावाविना बारा महिने

“व्हर्ल, मार्चमध्ये तुझ्या लिलावात मी गाय घेतली की नाही?”

लायल टिबेट्सनं शपथ घेऊन भर सुनावणीत हे विचारलं आणि माझं लिहिणं थांबलं. काउंटीच्या सुनावण्यांचं इतिवृत्त मी, डोरीन, गेली बावीस वर्षं लिहितेय. लायल धडधडीत खोटं बोलत होता. मला ते कळत होतं, आणि सभागृहातल्या प्रत्येक जुन्या माणसाला.

भानगड अशी की व्हर्ल हॅथकॉकचं गुरांच्या लिलावाचं यार्ड त्याच्या वडिलांपासूनचं. भोवती घरं उठली, आणि आता त्या लोकांना शेणाचा वास सोसवेना. जसं काही यार्डच नंतर आलं! जुना धंदा म्हणून काउंटीला ते बंद करता येत नाही. पण सलग बारा महिने एकही लिलाव झाला नाही तर हक्क संपला. आणि गेलं सबंध वर्ष व्हर्लची बायको अर्ला अंथरुणाला खिळलेली होती. ती ऑगस्टमध्ये गेली.

लिलाव पुकारायला माणूस नव्हता असं नाही. लायलच पुकारू शकला असता. पण घरात माणूस मरणाच्या दारात असताना त्याच्या अंगणात बोली लावायची? आमच्याकडे हे कुणाच्या मनातही येत नाही. आम्ही जेवण पोचवलं, त्याचं गवत कापून दिलं, यार्डाच्या फाटकाला मात्र हात लावला नाही. आमच्या त्या सभ्यपणानंच त्याचा गळा धरला.

“मिस्टर हॅथकॉक,” अध्यक्षबाई म्हणाल्या. बाई नव्या वस्तीतली, पण वाईट नाही. “एका गायीचा लिलाव झाला असेल तरी पुरे. कागद नसला तरी तुमचा शब्द चालेल. झाला होता?”

व्हर्ल उठला. हो म्हण मेल्या, मी मनात म्हणत होते, नुसतं हो म्हण.

“लायल, मार्चमध्ये मी कुठं होतो?”

लायल हातातली टोपी फिरवत राहिला.

“बोल की. दर शुक्रवारी आम्हाला इस्पितळात तूच न्यायचास ना?”

“खाली बस रे बाबा,” लायल पुटपुटला.

“लिलाव झाला नाही, बाई. एकही नाही. वर्षभर मी तिच्या उशाशी होतो. यार्डापायी आता नव्हतो म्हणून सांगू? ते नाही जमायचं मला.”

बंद करण्याच्या बाजूनं मंडळातले तीन हात वर गेले. यार्ड बंद. अध्यक्षबाईंनी हात वर करताना मान खाली घातली होती.

लोक उठले तसा व्हर्ल माझ्या टेबलाशी आला.

“लायलचं लिहिलंस?”

“शब्द न् शब्द.”

“शपथेवर बोललाय गं तो. गोत्यात येईल. त्याला परत घेता येईल का?”

“यार्ड गेलं तुझं आत्ता,” माझा आवाज चढला, “आणि तुला लायलची पडलीये?”

“यार्ड तर गेलंच. लायल आहे अजून.”

मी लायलला हाक मारली आणि कोरा कागद पुढं सरकवला. ‘माझं म्हणणं मी मागे घेतो’ एवढं लिहायला त्याला फार वेळ लागला. तेवढा वेळ व्हर्ल शेजारी उभा होता, लायलची टोपी हातात धरून.