पाचरीवरचं कुंकू

आमचे वेंकोबा सर मालकांचे वकील. कामगार जखमी झाला आणि त्यानं भरपाईचा दावा लावला, की म्हैसूरचे निम्मे कारखानदार सरांचं दार ठोठावतात. मी नाशिकहून इथं येऊन त्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून लागले ती नाक मुरडतच. गरिबांच्या पोटावर पाय देणारा म्हातारा, असं मी आईला फोनवर सांगूनही टाकलं होतं. ते शब्द मी आता मागे घेतले आहेत.

सरांची एक खोड आहे. कोर्टात जबाब देण्याआधी ते कारखान्यात जातात आणि अपघाताच्याच वेळेला, त्याच स्टुलावर बसून कामगाराचं काम करून बघतात. वय अडुसष्ट, बरोबर दहीभाताचा डबा. मालक ओशाळतात, कामगार हसतात. हूटगळ्ळीच्या एका दाव्यात असेच बसले आणि उठताना म्हणाले, "इथं बसून डावा हात मशीनपर्यंत पोचतच नाही की!" मग दवाखान्याचे कागद मागवले, तर हात मोटारसायकलवरून पडून मोडलेला. ती केस सर जिंकले. तरी मला ही बैठक म्हणजे निव्वळ नाटक वाटायची.

मग जयलक्ष्मीची केस आली. बेळगोळला सयाजीरावांचा कारखाना आहे, तिथं प्रेसवर पत्र्याच्या चकत्या कापतात. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. जयलक्ष्मीच्या प्रेसच्या एका बटणात लाकडाची पाचर ठोकलेली सापडली. पाचर ठोकली की एक हात मोकळा, काम भराभर. त्या मोकळ्या हाताची तीन बोटं गेली होती. पाचर तिनंच ठोकली, असं सुपरवायझर शपथेवर सांगणार होता. कामगारानं जाणूनबुजून सुरक्षेची सोय मोडली असेल, तर अशा जखमेची भरपाई मालकाला द्यावी लागत नाही. म्हणजे बाई बोटांनीही गेली आणि पैशांनीही.

जबाब मी लिहिला, सयाजीरावांच्याच केबिनमध्ये बसून. त्यांच्या खुर्चीमागं गेल्या दसऱ्यातल्या आयुधपूजेचा भलामोठा फोटो होता. झेंडूच्या माळा घातलेली हीच प्रेस आणि तिला कुंकू लावणारे सयाजीराव.

"आमच्यात पूजा मालकाच्याच हातानं, मॅडम," ते म्हणाले होते. "एक स्क्रूबी सोडत नाही मी, नोडी, बघा!"

मी फोटोचं तोंडभरून कौतुक केलं आणि 'अर्जदाराने स्वतःच्या हाताने' हे शब्द ठळक केले. माझा पहिलाच स्वतंत्र जबाब होता. मला जिंकायचं होतं.

सरांनी जबाब वाचला. "छान लिहिलास. आता बसून येऊ या."

अपघातापासून ती प्रेस बंद करून ताडपत्रीखाली ठेवली होती. सरांनी ताडपत्री काढायला लावली आणि दुपारी अडीचला तिच्यासमोर बसले. वीज बंद, पण हात चालू. पत्रा घ्यायचा, सरकवायचा, काढायचा. तासाभरानं त्यांची मान खाली झुकली. मला वाटलं, डुलकी लागली.

"स्पृहा, इथं बस. मी बसलो तशीच."

मी बसले. बटणावर पत्र्याची झडप होती, त्यामुळे उभ्या माणसाला पाचरीचं फक्त टोक दिसायचं. बसल्यावर तिचं अख्खं तोंड दिसलं. तेलानं काळवंडलेल्या लाकडावर कुंकवाचं एक बोट उमटलेलं होतं.

"जयलक्ष्मी कामाला कधी लागली?" सरांनी विचारलं.

"संक्रांतीनंतर."

मी केबिनमध्ये पळाले आणि सयाजीरावांदेखत खुर्चीवर चढून फोटोला नाक लावलं. फोटो खाली बसून काढलेला होता, आणि झडपेखाली बटणात पाचर दिसत होती. तिच्यावर ताजं, लालभडक कुंकू होतं आणि कुंकू लावणारं बोट अजून तिथंच होतं. पंधरा दिवस मी त्या फोटोसमोर बसून एका बाईला गुन्हेगार ठरवत होते. माझी मलाच लाज वाटली.

सर मागून सावकाश आले. "सयाजीराव, ही पाचर तिनं ठोकली म्हणून मी सांगणार नाही. तुमच्या सुपरवायझरला साक्षीला उभंही करणार नाही."

"चाळीस वर्षांची ओळख आपली! तुम्ही वकील कुणाचे?"

"तुमचाच. म्हणून तर दार लावून सांगतोय. भरपाई भरा आणि चूक तिची नव्हती म्हणून लिहून द्या. नको असेल तर फाइल घ्या. दुसरे वकील आहेत की गावात."

सरांनी खरोखरच फाइल टेबलावर ठेवली. सयाजीरावांनी ती उचलली नाही. लाल होऊन त्यांनी फोटोकडे बघितलं. मग खाली गेले, प्रेससमोर गुडघे टेकले आणि पाचर उपटायला लागले. ती तिसऱ्या हिसक्याला निघाली. नंतर त्यांनी बाकीच्या प्रेसच्याही पाचरा स्वतः काढल्या. मला त्यांचा राग आला होता, पण त्या वेळी तो थोडा उतरला.

कोर्टात कारकुनानं आमचा नवा जबाब कन्नडमध्ये वाचला: अपघातात अर्जदाराची चूक नव्हती. जयलक्ष्मीनं पदराखालचा हात बाहेर काढला.

"इन्नोंद्सल ओदि, सार," ती म्हणाली. आणखी एकदा वाचा. घरी सगळे तिलाच दोष देत होते, हे मला तिच्या वकिलाकडून नंतर कळलं. कारकून कुरकुरला, पण त्यानं पुन्हा वाचलं. ती डाव्या हातानं सही करताना मी सरांकडे बघितलं. केस हरलेला वकील इतका खूश मी पाहिला नव्हता.

यंदाच्या आयुधपूजेला ऑफिसात पेनं, कायद्याची पुस्तकं आणि माझा लॅपटॉप मांडला. सरांनी खिशातून सयाजीरावांनी दिलेली ती पाचर काढून मधोमध ठेवली. मी एकेका वस्तूला कुंकू लावत तिच्यापर्यंत आले आणि थबकले.

"हिला लावू, सर?"

"बेड, अम्मा. नको. हिला एकदा न बघता लावून झालंय."