नमुन्यातला पाचवा दोर

मी दोर तोडते. पगार त्याचाच मिळतो. चारशे दोरांचा गठ्ठा आला की त्यातले कुठलेही पाच उचलायचे, यंत्रात ताणायचे आणि किती किलोला तुटले ते लिहायचं. शितावरून भाताची परीक्षा! सगळेच तोडले तर विकायचं काय, कप्पाळ?

आज चार दोर बावीसशेला तुटले. पाचवा नऊशेलाच. याच गठ्ठ्यातला एक दोर काल मी नवऱ्यासाठी घरी नेला होता, तपासणीआधीच. नऊ वर्षांत एकही गठ्ठा नापास झाला नव्हता, म्हटलं आता काय होतंय! नवरा उंच इमारतींच्या काचा धुतो, दोराला लटकून.

"सरासरी एकोणीसशे चाळीस," साहेब म्हणाले. "अठराशे पुरते. कर पास."

"अहो साहेब, सरासरीला कोण लटकतं? माणूस एकाच दोराला लटकतो!"

"एखादा निघतो तसा. अपवाद धर."

मी सही केली नाही. नवऱ्याला फोन लावला, तो उचलेना. कसा उचलेल? दोन्ही हात काचेवर. मग पळतच सुटले. दोन गल्ल्या ओलांडून इमारतीखाली पोचले, तर हा बाराव्या मजल्यावर. हाक मारली असती तर दचकला असता. जीव मुठीत धरून वीस मिनिटं नुसती उभी राहिले.

तो उतरला तसा मी त्याचा दोर सोडवून घेतला आणि कारखान्याकडे निघाले. "अगं, वेड लागलंय का तुला?" करत तोही मागोमाग आला. मी दोर यंत्रात घातला. काटा चढत गेला. हजार, पंधराशे, दोन हजार. तेवीसशेला तुटला.

"बघ! चांगला होता की गं," तो हसायला लागला. "उगाच वाटोळं केलंस माझ्या दोराचं."

मी हसले, हसताहसता रडले. मेल्याला मिठी मारावीशी वाटली, पण साहेब बघत होते.

तुकडे गोळा करताना त्याचं हसू ओसरलं. "मग उद्या काय घेऊन चढू?"

"दुसऱ्या गठ्ठ्यातला घे. त्यातले पाचही नीट बावीसशेला तुटलेत."

"आणि मला देशील तो?" त्यानं विचारलं. "तो तोडून पाहिलास?"