स्ट्रेचरवरचा बंकट

जखमी माणसाचं काम बंकटला मिळालं ते त्याच्या वजनावरून. बावीस जणांत तोच हडकुळा, आणि उचलायला हलका माणूस कुणाला नको असतो? नेकनूरच्या पुढे डोंगर पोखरून काढलेली ती दगडखाण. तिथं कामाला लागायचं तर बारा दिवसांचं प्रशिक्षण आणि सुरक्षेचं प्रमाणपत्र पाहिजे. आज बारावा दिवस होता. कागद हातात पडला की काम बारमाही. बंकटचे ऊसतोडीचे अकरा हंगाम झाले होते. दर दिवाळीनंतर लेक आरोही शाळा सोडून आईबापामागं उसाच्या फडावर यायची. यंदा पोरगी शाळेतच राहील, असा शब्द तो बायकोला, शिवकन्याला, देऊन बसला होता.

शेवटचा धडा होता जखमीला स्ट्रेचरवर बांधून वर काढण्याचा. शिकवणाऱ्या प्रवीण सरांनी एका ओढीत सुटणारी गाठ दाखवली. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण बावीसच्या बावीस ऊसतोडे! दोर हातात आल्यावर हातांनी जन्मभर केलं तेच केलं. उसाची मोळी आवळतात तसं, गुडघा टेकवून, पीळ देऊन, टोक खाली खोचून बंकटला आवळलं. त्याचे हातही दोराच्या आत. मोळीच्या गाठीचा गुणच असा की धडपड कराल तेवढी ती आवळते.

"बरगड्या मोडत्याल की बे!" बंकट हसत ओरडला.

"जखमी मानूस बोलत नसतंय," त्याचा चुलतभाऊ बद्रीनाथ म्हणाला.

फोटो निघाला. "आणखी एक वरून घेऊ," म्हणत सर वरच्या रस्त्याला लागले, तेवढ्यात खाणमालकाची गाडी आली आणि सर तिकडंच धावले. जेवणाची वेळ झालेली. मागचे सोडतील, असं पुढच्यांना वाटलं. फोटो बाकी आहे, असं मागच्यांना. बारभाईचा कारभार म्हणतात तो हाच. खाण रिकामी झाली.

बंकट आधी निवांत पडून होता. मग पहिला भोंगा झाला.

सुरुंगाचे भोंगे तीन. पहिल्याला खाण सोडायची, दुसऱ्याला आडोसा धरायचा, तिसऱ्यानंतर स्फोट. कालच्या तोंडी परीक्षेत हे सगळ्यांत आधी त्यानंच सांगितलं होतं. आणि सुरुंग भरलेली भिंत त्याच्या डोक्यामागं चाळीस पावलांवर होती.

"आरं ए! मी हाय हितं!"

वर खडीचं क्रशर घरघरत होतं. त्याच्यापुढं माणसाच्या गळ्याचं काय चालणार? सुरुंग लावणारा म्हातारा गहिनीनाथ मिस्त्री स्फोटाआधी हजेरीची वही बघतो, एवढीच एक आशा होती. तीही लगेच विझली. दोनदा रांग नको म्हणून आत आल्याची आणि बाहेर गेल्याची, दोन्ही सह्या सगळे सकाळीच ठोकून मोकळे व्हायचे. बंकटनं स्वतःच्या हातानं स्वतःला खाणीबाहेर काढून ठेवलं होतं.

तो दोराशी झोंबला. दोर आणखी रुतला, श्वास अर्धाच येऊ लागला. दुसरा भोंगा झाला. खोटं कशाला सांगा, बंकट रडला. मोठ्यानं रडला. शिवकन्याला ही बातमी कोण सांगेल आणि कशी सांगेल, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

मग दगडांवर पावलं वाजली. बद्रीनाथनं डबा उघडला होता आणि बाजूला बंकट दिसला नव्हता. तो धावत आला, मागं धापा टाकत गहिनीनाथ. म्हाताऱ्यानं बंकटच्या छातीवर हात ठेवला. "भिऊ नगं. सुरुंग उडवायच्या पेटीची किल्ली माझ्या खिशात हाय. मी हितं हाय तवर काय बी उडत न्हाई."

बंकटला वाटलं, याचे पाय धरावेत. म्हाताऱ्यानं खोचलेलं टोक चाचपलं. तोवर बाकीचे आले, सरही आले.

"थांबा मिस्त्री," सर म्हणाले. "हे बाहेर गेलं तर प्रशिक्षण केंद्र बंद. बावीस जणांची प्रमाणपत्रं रद्द. तुमचा सुरुंगाचा परवानाही जाईल." मग ते वाकले. "बंकट, कुणाला सांगणार नाही म्हण."

"आधी सोडा मला."

"आधी म्हण."

गहिनीनाथचा हात दोरावर तसाच थांबला. बंकटनं मान वळवून एकेकाकडं बघितलं. अकरा हंगाम ज्यांच्याबरोबर एका फडात राबला, तीच माणसं. मोळी सोडायला त्यांतल्या कुणालाही पापणी लवायचा वेळ पुरला असता. कुणाचाही हात पुढं आला नाही.

"म्हन की दादा," बद्रीनाथ खाली बघत म्हणाला. "समद्यांच्या लेकराबाळांचं हाय."

भोंग्याला भ्याला नव्हता इतका बंकट आता भ्याला.

"न्हाई सांगत," तो म्हणाला. "कुनालाच न्हाई."

तेव्हा हात आले. एकमेकांवर आदळावेत इतके आले. कुणी दोर सोडला, कुणी पाणी पाजलं, बद्रीनाथ त्याची मनगटं चोळू लागला. बंकटनं हात मागं ओढले नाहीत. उद्यापासून याच लोकांबरोबर त्याला रोज खाणीत उतरायचं होतं.