बारा डायऱ्यांचं एकच अक्षर

मित्रांनो, जवळ या, पण माझ्यावर टेकू नका. खालची फळी वाळवीनं खाल्लीय. मी एक जुना सरावाचा बोर्ड आहे. साडेतीन फुटांचं प्लायवूड, त्यावर एक हिरवं बटण, एक लाल बटण, तीन दिवे, मधोमध कॉन्टॅक्टर आणि पायाशी बांधलेली छोटी मोटर. कॉन्टॅक्टर म्हणजे बटणाचं ऐकून मोटरकडे वीज सोडणारा किंवा अडवणारा डबा. माझ्या अंगावर वायरी जोडून आणि तोडून पोरं वीजकाम शिकायची. आता तुम्ही म्हणाल, मग हा बोर्ड एवढा कडवट का बोलतो? सांगतो. ऐका.

मला रामकिसननं बनवलं. तो चिकलठाण्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. म्हणजे काम इलेक्ट्रिशियनचं, हुद्दा हेल्परचा. यंत्र अडलं की साहेब त्यालाच हाका मारत, पण बढतीची यादी लागली की त्यांना त्याचं नाव आठवत नसे. का, तर प्रमाणपत्र नाही. ही गोष्ट त्याच्या मनात काट्यासारखी रुतून बसली होती. वस्तीतल्या पोरांचं तरी असं होऊ नये म्हणून त्यानं यंत्राच्या खोक्याचं प्लायवूड आणलं, भंगारातले सुटे भाग धुऊन-पुसून त्यावर बसवले आणि मुकुंदवाडीतल्या आपल्या पत्र्याच्या खोलीत मला उभं केलं.

त्याची शिकवायची एक पद्धत होती. पोरं येण्याआधी तो माझ्यात एक फॉल्ट, म्हणजे मुद्दाम केलेला बिघाड, लपवायचा. कधी वायरच्या टोकाला पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळून ते स्क्रूखाली घट्ट आवळायचा. वरून जोडणी पक्की दिसायची, पण वीज पुढं जायची नाही. कधी दोन वायरींची अदलाबदल करायचा. पोरांनी चहा उकळेपर्यंत तो फॉल्ट शोधायचा. ज्याला सापडेल त्याला पहिला कप मिळायचा. बाकीच्यांनी कप विसळायचे. "आधी मेन बंद, मग हात," एवढंच तो ओरडून सांगायचा. बाकी चुकू द्यायचा. चुकलं की हसायचा आणि म्हणायचा, "चुकला ना? आता जलमभर इसरनार नाय."

काय दिवस होते ते! माझ्या अंगावरचा स्क्रू न् स्क्रू पोरांच्या हातांनी गुळगुळीत झाला होता.

दोन हजार बाराचा दुष्काळ पडला, त्या वर्षी रत्नमाला आली. तिचा बाप सूर्यभान फर्दापूरच्या माळावर मेंढरं चारायचा. चारा संपला, पाणी संपलं, कळप विकला आणि तो बायकापोरांना घेऊन शहरात आला. बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीवर राखणदार म्हणून लागला. गंमत बघा मित्रांनो, वस्तीतल्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि त्या इमारतीच्या भिंतींवर रोज टँकरचं पाणी मारलं जायचं.

रत्नमाला तेव्हा आठवीत होती. कळपातलं लंगडणारं मेंढरू जसं तिच्या नजरेतून सुटत नसे, तसाच फॉल्टही सुटत नसे. दोन महिने तिनं पहिला कप सोडलाच नाही. बाकीची पोरं वैतागली. रामकिसन मात्र भेटेल त्याला सांगत सुटला, "पोरगी लई हुशार हाय. ही वायरमन व्हनार बघा." तिलाही तेच व्हायचं होतं. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात ऑपरेटर लागायचं, हे तिनं ठरवून टाकलं होतं. त्या जागेला प्रमाणपत्र लागत होतं.

तीन वर्षांनी ती दहावी झाली, आणि त्याच वर्षी शेंद्र्याकडे एक नवा कारखाना उभा राहिला. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या टाक्या बनवायचा. दुष्काळात टाक्यांना काय मागणी! त्यांनी 'कौशल्य केंद्र' काढलं. वस्तीतली बारा पोरं वर्षभर शिकाऊ म्हणून घेऊ, हातात प्रमाणपत्र देऊ, आणि मार्गदर्शक म्हणून रामकिसनलाच नेमू, असं सांगितलं. रामकिसनला आभाळ ठेंगणं झालं, त्यानं जुनी नोकरी सोडली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या खिशावर 'मार्गदर्शक' अशी पट्टी लागली.

मलाही तिकडे नेलं. रंग दिला, वर दिवा लावला, आणि पुढून पारदर्शक झाकण ठोकलं. केंद्राचा अधिकारी होता बद्रीनाथ, इस्त्रीच्या शर्टातला, गोड बोलणारा. रामकिसननं विचारलं, "साहेब, झाकन कशापायी? पोरं हात कुठं घालतील?"

"काका, पोरांनी हात लावला की वस्तू खराब होते. पाहुणे येतात, फोटो काढतात."

खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडलं. येणारे-जाणारे "वा वा" म्हणायचे आणि मी फुगायचो. लाज वाटते आता.

पोरं कुठं होती म्हणता? टाक्यांच्या कडा घासत होती. सकाळी आठपासून हातात पातं, नाकातोंडात प्लॅस्टिकचा भुगा. वीजकाम शिकवायला वेळच नव्हता, कारण टाक्यांचे ट्रक थांबून राहायचे. पण शिकाऊ मुलानं रोजची डायरी लिहायची असा नियम होता. 'आज काय शिकलो' ते लिहायचं आणि खाली मार्गदर्शकाची सही. बद्रीनाथनं त्यावर तोड काढली. रत्नमालेचं अक्षर सुंदर होतं. रोज शेवटचा तासभर तिला पंख्याखाली बसवून बाराही जणांच्या डायऱ्या तिच्याकडून लिहून घ्यायला सुरुवात केली. 'आज बोर्डवर मोटरची जोडणी केली.' 'आज बोर्डवर फॉल्ट शोधला.' माझ्या नावावर रोज बारा थापा! आणि मी झाकणाआड नटून उभा.

पहिल्या आठवड्यातच ती पेन खाली ठेवून रामकिसनकडे गेली. "काका, हे समदं खोटंय. म्या नाय लिहिनार."

रामकिसननं तिला बाजूला घेतलं. मग म्हणाला, "लिही माय. वरीसभर कळ काढ. कागद तेवढा हातात पडू दे. कागद नसला की काय व्हतं ते मला इचार."

आणि त्यानं सही केली. पुढं रोज करत गेला. मित्रांनो, ज्या माणसानं हातानं शिकून हातानंच शिकवलं, तो कागदापुढं असा वाकला. त्याला वाटलं, आपण पोरांचं भलंच करतोय. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर मी इतका चिडलो नसतो.

दोन हजार सोळाच्या मे महिन्यात बाहेरून परीक्षक आले. केंद्रात धावपळ झाली. माझं झाकण काढलं. परीक्षक म्हातारे आणि खडूस होते. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढून माझ्यात एक फॉल्ट लपवला, मग सगळ्यांना परत आत घेतलं आणि रत्नमालेला पहिलं बोलावलं. तिनं मेन बंद केला, माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चार मिनिटांत चिकटपट्टी गुंडाळलेलं टोक काढून त्यांच्या हातावर ठेवलं. वर्षभरानं माझ्या अंगाला जाणता हात लागला होता. मला रडूच आलं असतं.

दुसरा माऊली होता. तो केंद्रातच पहिल्यांदा आलेला, रामकिसनच्या खोलीत कधी शिकलेला नव्हता. नव्या फॉल्टपुढं बिचारा हातात पेचकस धरून नुसता उभा राहिला. मग मेन चालू असतानाच त्यानं आत हात घातला. रत्नमाला धावली, तिनं मेन पाडला म्हणून निभावलं.

परीक्षकांनी त्याची डायरी उघडली. "यात तर चाळीस वेळा लिहिलंय की यानं फॉल्ट शोधला."

माऊलीनं मान खाली घातली. रत्नमालेला राहवलं नाही. "सर, त्याला कुनी शिकिवलंच नाय. आमी टाक्या घासतो."

परीक्षकांनी बाराही डायऱ्या शेजारी शेजारी उघडल्या. "सगळ्यांत एकच अक्षर. कुणाचं?"

"माझं."

"कुणी सांगितलं लिहायला?"

तिनं बद्रीनाथकडे पाहिलं. तो पटकन म्हणाला, "सर, मुलीनं परस्पर केलंय. आम्हाला कल्पनाच नाही."

मग परीक्षक रामकिसनकडे वळले. "मार्गदर्शक तुम्ही ना? तुम्हाला माहीत होतं?"

ती रामकिसनकडे बघत होती. घाबरलेली नव्हती हो, अजिबात नव्हती. काका बोलणारच, असा भरवसा तिच्या तोंडावर दिसत होता.

"नाय साहेब," रामकिसन म्हणाला. "मी नुसत्या सह्या करत व्हतो."

बाकीच्या अकरांची परीक्षा महिन्यानं पुन्हा झाली. रामकिसननं रात्रंदिवस एक करून त्यांना तयार केलं आणि सगळे पास झाले. खोट्या नोंदी केल्याबद्दल रत्नमालेचं नाव कमी केलं. प्रमाणपत्र गेलं, पंपघर गेलं. त्या संध्याकाळी रामकिसन माझ्यासमोर उभा राहून पुटपुटला, "अकरा लेकरांचं बघायचं का एकीचं?" मला विचारत होता! मी काय सांगणार?

पुढं केंद्र बंद पडलं. मी कारखान्याच्या उपाहारगृहामागं उन्हापावसात पडून राहिलो. दोन हजार एकोणीसमध्ये पुन्हा दुष्काळ होता, तेव्हा निवृत्त झालेला रामकिसन मला मालवाहू रिक्षात घालून रत्नमालेच्या दारी घेऊन आला.

ती दारातच होती आणि समोर मोटरसायकलवर माऊली. पंपघरातली ती जागा माऊलीला मिळाली होती. "ताई, चल ना लवकर, पंप आडलाय. टँकर रांगेत हायेत," तो गयावया करत होता. असा तो दर आठवड्याला यायचा. दुरुस्ती ही करायची, नोंदवहीत सही त्याची व्हायची, आणि हिला हेल्परची मजुरी मिळायची.

रामकिसननं ते ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला. मला भिंतीला टेकवून तो म्हणाला, "रत्ने, तवा बोलाया पायजे हुतं म्या."

"व्हय काका," ती म्हणाली. "पायजे हुतं."

तिनं पिशवीत पेचकस टाकला, माऊलीच्या मागं बसली आणि निघून गेली. रामकिसन परत रिक्षात बसला. त्यानंतर तो इकडे फिरकला नाही.

तेव्हापासून मी इथं पत्र्याखाली आहे. मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, त्यानं काही होणार नाही. तुमच्यातलं कुणी मोठं होऊन कुणाला काम शिकवायला बसलं, तर त्याला खरंच शिकवा. आणि ज्या दिवशी चारचौघांत त्याच्यासाठी उभं राहायची वेळ येईल, त्या दिवशी तोंड उघडा. मी प्लायवूडचा आहे, मला तोंड नव्हतं. रामकिसनला होतं.