टाकी दिसत नाही

मी एक जुनी पाण्याची टाकी आहे, मित्रांनो. पण माझे नाव झाले ते पाण्यामुळे नव्हे, दिसण्यामुळे.

एका छोट्या विमानतळाच्या कडेला, कर्मचाऱ्यांच्या घरांना लागून मला बांधले. विमानतळाच्या इमारतीच्या लांबच्या गच्चीवरून हवामान निरीक्षक माझ्याकडे बघत. मी स्वच्छ दिसले की विमाने खुशाल उतरायची. मी धुक्यात बुडाले की निरीक्षक तसे कळवायचे आणि उतरणे बंद व्हायचे. मी उठून दिसावे म्हणून मला लाल-पांढरे पट्टे रंगवून नटवत. तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात असे. आपण नुसते उभे राहायचे आणि पगारी माणसाने आपल्याकडे टक लावून बघायचे, हे भाग्य किती टाक्यांच्या वाट्याला येते?

निरीक्षकांचे घर माझ्या पायथ्याशीच होते. त्यांची लेक लहानपणी माझ्या शिडीवर चढून विमाने बघायची आणि आईची बोलणी खायची. पुढे ती वैमानिक झाली. तिचे विमान मोठ्या शहराला जाई. तिथे धुके पडले तर कुठे उतरायचे, हे वैमानिकाला निघण्यापूर्वीच ठरवावे लागते आणि तेवढे इंधन बरोबर घ्यावे लागते. लेक नेहमी आमचाच विमानतळ निवडायची. पण वळायची वेळ कधी येत नसे. कपडे वाळत घालता घालता आई म्हणायची, "त्या शहराला काय धाड भरलीय? एकदा धुकं पडलं, तर पोरगी घरी जेवून तरी जाईल."

मग आईने अंथरूण धरले. डॉक्टरांनी आशा सोडली, आणि त्याच हिवाळ्यात एका सकाळी शहर खरोखरच धुक्यात गेले. लेकीने विमान आमच्याकडे वळवले. निरीक्षकांनी फोन करून आईजवळ बसलेल्या शेजारणीला सांगितले की, लेक येते आहे, हे तिच्या आईच्या कानावर घाला. आई दाराकडे डोळे लावून पडून राहिली.

तेवढ्यात नदीकडून धुके आमच्याकडेही सरकले. आधी माझे पाय गेले, मग एकेक पट्टा गेला. मला हात असते तर मी ते धुके ओरबाडून काढले असते. मी दिसते, एवढेच निरीक्षकांनी कळवले असते तर लेक खाली उतरू लागली असती. पण तिच्या मागे विमानभर माणसे बसली होती. निरीक्षकांनी कळवले, "टाकी दिसत नाही."

विमान माझ्या डोक्यावर घिरट्या घालत होते. तो आवाज घरात पोचला. आईने मान वळवली आणि ती शेजारणीला म्हणाली, "आली बघ. चहा टाक."

शेजारणीने खरेच आधण ठेवले. ते उकळेपर्यंत आवाज दूर गेला. लेक तिने निवडून ठेवलेल्या दुसऱ्या, लांबच्या विमानतळावर उतरली आणि तिथून गाडी करून निघाली. ती पोचली तेव्हा आई गेली होती.

संध्याकाळी बापलेक माझ्या पायरीवर बसली.

"बाबा, टाकी अजिबातच दिसत नव्हती?"

"एकदा शेंडा दिसल्यासारखा वाटला," निरीक्षक म्हणाले. "पण तो माझ्या मनातला होता."

"मग बरं केलंत," लेक म्हणाली आणि त्यांच्या खांद्यावर डोके ठेवून रडली. मग विमानाचा आवाज ऐकून आईने चहा टाकायला सांगितला होता, ते त्यांनी तिला सांगितले. मला तर वाटले, मी तिथल्या तिथे ढासळून पडेन.

आता धुके मोजायला यंत्र आले आहे. ते माझ्याकडे बघत नाही. माझ्या रंगाचे पोपडे निघाले, पाणी झिरपते, मला पाडायच्या गोष्टी चालतात. पाडायचे तर पाडा, मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे. पण उभी आहे तोवर मला रंगाचा एक हात द्या. निरीक्षक निवृत्त होऊन पलीकडच्या वस्तीत राहतात. रोज सकाळी ते तिथल्या घराच्या गच्चीवर येतात आणि माझ्याकडे बघत राहतात. त्यांना मी दिसले पाहिजे.