घाटावर आत्याबाई

माझ्या लग्नाच्या सकाळी घाटावर मगर येऊन झोपली आणि आमचं अख्खं लग्न कुजबुजत लागलं. खोटं वाटत असेल तर गावात येऊन कुणालाही विचारा. फक्त दोघांना विचारू नका, कारण प्रत्येकाच्या सांगण्यात मगर हातभर वाढते.

गाव भीमेच्या काठी, बंधाऱ्याच्या फुगवट्याला. पाणी बारमाही, म्हणून मगरही बारमाही. आम्ही तिला आत्याबाई म्हणतो, कारण बोलावलं नाही तरी येते आणि सगळ्यांत चांगली जागा धरून बसते. तिच्याशी आमचं भांडण नाही. नियम एकच. आत्याबाई कुठं आहे हे दिसल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही आणि होडीही सोडायची नाही.

वऱ्हाड वैरागचं. पलीकडच्या काठापर्यंत बस आणि तिथून होड्या, कारण पुलावरून वळसा घातला तर मुहूर्त टळणार. होड्या निम्म्या पाण्यात आल्या आणि पहिल्या होडीतल्या मामांना, म्हणजे नवऱ्या मुलाच्या, सोमेशच्या मामांना, घाटाच्या पायऱ्यांवर पाहुणी दिसली.

"हाकला तिला!" मामा तिथूनच ओरडले. "न्हायतर आमी चाललो माघारी!"

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काठी उचलली. बँडवाला गुंडा तर हरखूनच गेला. "अप्पा, एकच ढोल हाणतो. कशी पळतीया बगा!"

मी एका हातानं बाशिंग सावरत धावत बाहेर आले. "कुणी वाजवायचं न्हाय! झोपू द्या तिला!"

"दाक्षे, येड लागलं काय?"

"अप्पा, हाकलली तर ती जाणार कुटं? पाण्यातच की! आन् पाण्यात कोण हाय? माझा नवरा!"

अव्वा, माझी आई, खुदकन हसली. नवरा अजून झाला नव्हता, पण तोंडातून निघून गेलं. अप्पांनी आजवर माझं एक ऐकलं नव्हतं. कॉलेज त्यांनीच ठरवलं, दिवाळीची साडीही त्यांनीच आणली. आज मात्र सगळ्या गावासमोर त्यांनी काठी खाली ठेवली. मला हसावं की रडावं कळेना.

मी सोमेशला फोन लावला. "अहो, घाट सोडा. वरच्या अंगाला म्हशींचा उतार हाय, तितं या. होडी गाळात अडकंल, गुडघाभर पाण्यातनं चालावं लागंल. मी पारावरनं तिच्याकडं बगत उभी ऱ्हाते. हलली की हात वर करीन, तसं होडीत चढा."

मागून मामांचा आवाज आला, "असल्या गावात सोयरीक? मोडा!"

मला हाच माणूस हवा होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यालाही नाही.

"तू बगतीस न्हवं?" सोमेशनं विचारलं.

"व्हय."

"मग येतो."

मग गाव गप्प बसवणं सुरू झालं. आयांनी पोरांच्या तोंडात लाडू कोंबले. गुंडानं ढोलाच्या काठ्या काखेत दाबून धरल्या, तरी त्याची बोटं मांडीवर ताल धरत होती. सोमेश पहिला उतरला, धोतर खोचून, चपला हातात घेऊन. मामा नावाड्याच्या पाठीवर, डोळे गच्च मिटलेले. हे सगळं मला नंतर कळलं. नवरी नवऱ्याला बघायला उतावीळ असते म्हणतात. मी मगर बघत होते.

तिनं जबडा उघडला. माझा हात निम्मा वर गेला. मग ती तशीच आ वासून उन्हात पडून राहिली आणि मी हात हळूच खाली घेतला.

सगळे काठावर आले, तरी आवाज चढवायची कुणाची छाती होईना. स्वामींनी मंगलाष्टका कानात सांगितल्यासारख्या म्हटल्या. अक्षता पडल्या त्यासुद्धा हळू. मी सोमेशच्या गळ्यात हार घालत होते, त्याच्या पायांना गाळ, माझ्या डोळ्यांत पाणी, आणि तेवढ्यात मामांना शिंक आली. शिंक कसली, सुतळी बॉम्बच. आधीपासून हसू दाबून बसलेलं गाव एकदम फुटलं. आत्याबाई सुळकन पाण्यात गेली. गुंडानं "आत्ता!" म्हणून ढोल असा बडवला, असा बडवला, की स्वामीही नाचले. मी तर नाचलेच.

दुपारी पाठवणीची वेळ झाली. होड्या घाटाला लागल्या. अव्वा माझा हात सोडेना. अप्पा जवळ आले.

"दाक्षे, आत्याबाई कुटं हाय? सोडायच्या का होड्या?"

अप्पा मला विचारत होते. सगळं वऱ्हाड, मामांसकट, माझ्या तोंडाकडं बघत होतं. मी पाण्यावर नजर टाकली. लांबच्या वाळूच्या बेटावर ती आडवी पडली होती. नवख्याला ओंडका वाटावा, पण मला लख्ख दिसत होती.

"दिसत न्हाय अप्पा," मी म्हणाले.

अप्पांनी कपाळावर हात धरून त्याच बेटाकडं बराच वेळ पाहिलं. मग वळून नावाड्यांना हाक दिली, "थांबा रे! पोरगी न्हाय म्हणतीया."

आणि पायरीवर माझ्या शेजारी बसले.